आधी ऐकावे, मग सांगावे : जामखेडच्या बायांचा धडा

‘बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं,’ असे जुनी माणसे म्हणतात. पण नुसते बोलून भागत नाही, हे आपल्याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्याने अनुभवले आहे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या काळी या भागात जन्मलेल्या हजार बाळांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. प्रकल्पाने गावोगाव शिकलेल्या नर्सबाई पाठवल्या. त्यांच्याकडे औषधे होती, ज्ञानही होते. पण गावातल्या बाया त्यांच्यापाशी मन मोकळे करीनात. परक्या बाईला घरातलं दुखणं सांगायचं कसं?

मग गावातलीच बाई निवडायचे ठरले. बहुतेक जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. ‘अमक्याची बायको, तमक्याची आई’ एवढीच त्यांची ओळख. त्यामुळे औषधपाण्याच्या आधी त्यांना चारचौघांत स्वतःचे नाव सांगायला शिकवावे लागले. जामखेडला मुक्कामी यायचे, सगळ्या जातींच्या बायांनी एका पंगतीला बसायचे, गावातल्या अडचणी एकमेकींना सांगायच्या, असे ते शिक्षण होते. पुरुषांसाठी व्हॉलीबॉलचे खेळ सुरू झाले. चेंडूला जात नसते! पुढे शेतकरी मंडळे उभी राहिली.

या बाया गावात परतल्या आणि त्यांचे ऐकले जाऊ लागले. कारण त्या घरच्या होत्या. गरोदर सुनेला सांगायचे तर आधी सासूशी दोन शब्द बोलावे लागतात, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, वेळेवर लस, स्वच्छ बाळंतपण या साध्या गोष्टी घराघरांत रुजल्या. १९९० च्या दशकात बालमृत्यूचे ते प्रमाण हजारी ३० च्या आत आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली त्यांच्यातल्याच मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या परिषदेत जाऊन बोलल्या.

यात आपणासाठी काय? दूध संस्था असो, ग्रामपंचायत असो, कारखान्याचे ऑफिस असो की एकत्र कुटुंब; कामे पैशावाचून अडतात त्याहून जास्त अबोल्यामुळे अडतात. समोरच्याला नावाने हाक मारावी. त्याचे पुरते ऐकून घ्यावे. चूक झाली तर चारचौघांत पाणउतारा न करता बाजूला घेऊन सांगावे. आणि सांगायला जाताना खुर्ची सोडून सतरंजीवर बसावे.

याला शाळेची पायरी चढावी लागत नाही. जामखेडच्या बाया तरी कुठे चढल्या होत्या?