कळवलं की पेन्शन बंद होते?

कोषागारात निवृत्तिवेतनाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काम केलं. समोर सगळ्यात जास्त कोण यायचं, तर नवरा गेलेली बाई आणि तिच्यासोबत मुलगा नाहीतर जावई. तेरावं झाल्या झाल्या येणारे थोडे. बाकीचे महिने उलटल्यावर यायचे आणि बोलण्यातून कारण एकच निघायचं : "कळवलं की पेन्शन बंद होईल ना, मॅडम?"

होते. वडिलांची बंद होते आणि आईची सुरू होते. यातला पुढचा भाग घराघरांत पोचलेलाच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. कुटुंब निवृत्तिवेतन हा त्या बाईचा हक्क आहे आणि तो मिळण्याची पहिली पायरी म्हणजे मृत्यूची खबर देणं.

समजा, वडील 12 तारखेला गेले. 1 ते 12 तारखेपर्यंतची पेन्शन त्यांची. मृत्यूचा दिवसही त्यात धरतात, मग प्राण पहाटे गेलेले असोत की रात्री. 13 तारखेपासून आईचं कुटुंब निवृत्तिवेतन लागू होतं. पण ट्रेझरीला कुणी कळवलंच नाही, तर वडिलांची पूर्ण रक्कम खात्यात पडत राहते आणि घरातलं कुणीतरी एटीएममधून ती काढत राहतं. नोव्हेंबरात बँकेतल्या हयातीच्या यादीवर सही होत नाही, तेव्हा पेन्शन थांबते आणि हिशेब निघतो. वडिलांची मूळ पेन्शन साधारण शेवटच्या पगाराच्या निम्मी, तर आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे मूळ वेतनाच्या 30 टक्के. जास्तीची उचललेली रक्कम परत करावी लागते, आणि ती बहुतेकदा आईच्याच थकबाकीतून वळती होते. पैसे मुलानं काढलेले, भरपाई आईची, असे हिशेब मी किती पाहिले!

वडिलांनी निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकलेला असतो, म्हणजे अंशराशीकरण केलेलं असतं. त्यापोटी दरमहा कापला जाणारा हप्ता आता आईच्या डोक्यावर येणार, अशीही एक धास्ती असते. तसं होत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनातून अंशराशीकरणापोटी काही कापत नाहीत.

कागद फार लागत नाहीत. मृत्यूचा दाखला, पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, आईचं आधार, पॅन, बँकेचं पासबुक, फोटो आणि अर्ज. दाखला जिथे मृत्यू झाला तिथली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका देते. गाव सांगलीचं आणि मृत्यू पुण्याच्या दवाखान्यात झाला असेल, तर नोंद पुण्यातच होते. 21 दिवसांत नोंद केली तर शुल्क पडत नाही. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात.

खरं घोडं अडतं ते नावाशी. पिशवीतून पीपीओ निघतो, घडीवर विरलेला. त्यावर बायकोचं नाव एक, आधारवर दुसरं. कुठे 'बाई' लागलेलं, कुठे माहेरचं आडनाव राहिलेलं. जन्मतारखेचा रकाना कोरा. ही तारीख महत्त्वाची, कारण 80 वर्षं पूर्ण झाल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनातही वाढ मिळते आणि तिचं वयच कागदावर नसेल तर ती वाढ द्यायची कशी? पेन्शनर हयात असताना ही दुरुस्ती एका अर्जाचं काम असते. मागाहून तिच्यासाठी प्रतिज्ञापत्रं आणि हेलपाटे. घरात दिव्यांग मूल असेल तर त्याचं नाव वेळीच नोंदवणं फारच गरजेचं. आईवडिलांच्या पश्चात नियमांच्या अटींत बसल्यास त्याला ही रक्कम आयुष्यभर मिळू शकते.

एका ठिकाणी कळवलं म्हणजे सगळीकडे कळलं, असं मात्र धरून चालू नका. कारखान्यात नोकरी केलेल्यांची ईपीएस-95 ची पेन्शन भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून येते. तिथे विधवेला निराळा अर्ज करावा लागतो. या योजनेत पेन्शनची किमान रक्कम 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. रक्कम लहान म्हणून कितीतरी बायका तो अर्जच करत नाहीत. त्यांनी तो जरूर करावा. विमा कंपनीची वार्षिकी असेल तर तिलाही वेगळं कळवायचं.

पत्र साधं लिहा : नाव, पीपीओ क्रमांक, मृत्यूची तारीख, खाते क्रमांक. ट्रेझरीत आणि बँकेत द्या, आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत वडिलांच्या पेन्शन खात्यातल्या पैशाला कुणीही हात लावू नये.