एप्रिलमधल्या मोर्णेत पाणी कुठलं?

भर उन्हाळ्यात अकोल्यात असदगड किल्ल्याखालून वाहणारं पाणी मोर्णा नदीचं नसतं. तिचं स्वतःचं पाणी वर पातूर तालुक्यातल्या धरणात अडलेलं असतं. शहरातून वाहतं ते महानच्या काटेपूर्णा धरणातून नळाने घरोघरी आलेलं आणि मोरी, न्हाणी, संडास करत नाल्यात उतरलेलं पाणी. अमरावतीची तर गंमतच. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातलं पाणी खरं गोदावरीच्या वाट्याचं. अमरावतीकर ते वापरतात आणि अंबानाल्यातून पेढी, पूर्णा, तापी असं थेट सुरतेकडे धाडतात.

सांडपाण्यात ९९ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. उरलेली घाण म्हणजे जिवाणूंचं अन्न. ते फस्त करताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढतात. ही भूक मोजायचं माप म्हणजे बीओडी. शुद्ध न केलेल्या लिटरभर सांडपाण्याची भूक साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम, आणि वऱ्हाडच्या उन्हात तापलेल्या स्वच्छ पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. करा हिशेब: एक लिटर सांडपाणी तीसेक लिटर चांगल्या पाण्यातला प्राणवायू संपवतं.

ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२ मध्ये नदीत सोडायच्या पाण्यासाठी बीओडी २० ही मर्यादा सुचवली, तेव्हा नदीत त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी असेल, असं धरलं होतं. तिकडच्या नद्यांना ते परवडलं. मोर्णेत एप्रिलमध्ये आठपट सोडाच, आठ बादल्याही नसतात. इथे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून जे बाहेर पडेल, तीच नदी. म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये बीओडी १० वर आणायला सांगितला, ते मला मुळीच जाचक वाटत नाही. पुढे हे पाणी पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जातं, जिथल्या विहिरी आधीच खारट. आणि विरघळलेलं मीठ या शुद्धीकरणात निघत नाही, हेही लक्षात असू द्या.

जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर मोर्णेत उतरले, जलपर्णी उपसली, ‘मन की बात’मध्ये कौतुकही झालं. ते योग्यच होतं. पण जलपर्णी पोसते ती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. खताचा हप्ता चालू ठेवून तण जात नाही, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको.

उपाय शंभर वर्षं जुना आहे. मँचेस्टरमध्ये अर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये दाखवून दिलं की सांडपाण्यात हवा सोडत राहायची, वाढलेले जिवाणू गाळासोबत खाली बसू द्यायचे, वरचं पाणी काढून घ्यायचं आणि तोच गाळ पुन्हा कामाला लावायचा. प्रकल्पावरचा ऑपरेटर रोज टाकीतलं चॉकलेटी पाणी लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात भरतो आणि अर्धा तास हात लावत नाही. गाळ पुंजक्या-पुंजक्यांनी खाली बसून वर नितळ थर आला, की जिवाणू खुशीत. टाकीला वास ओल्या मातीचा यावा. सडक्या अंड्याचा आला तर हवा कमी पडतेय. हवा सोडणारा ब्लोअर बराच वेळ बंद राहिला की हे जिवाणू गुदमरतात. त्यांना लोडशेडिंगचं वेळापत्रक कळत नाही.

प्रकल्प उभारण्याचा धंदा मात्र जोरात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकड्यांनुसार देशाची शुद्धीकरण क्षमता २०१४-१५ मध्ये रोजची २३,२७७ दशलक्ष लिटर होती. २०२० पर्यंत ती ३१,८४१ वर गेली. शहरांचं सांडपाणी होतं ७२,३६८, आणि प्रत्यक्षात शुद्ध झालं फक्त २०,२३६! म्हणजे बांधलेल्या क्षमतेतलाही तिसरा हिस्सा रिकामा. कारण साधं आहे: टाकी बांधली की बिल निघतं, गल्ल्या खोदून घरं गटारवाहिनीला जोडण्यात ना उद्घाटन, ना फोटो. ‘नमामि गंगे’तल्या नव्या कंत्राटांत म्हणूनच बांधकामाचे ४० टक्केच पैसे आधी देतात, बाकीचे प्रकल्प नीट चालला तर १५ वर्षांत.

अकोल्याला शिलोड्यात ३० दशलक्ष लिटरचा प्रकल्प आहे, अमरावतीला लालखडीत. शुद्ध पाण्याला गिऱ्हाईकही दारात आहे. पारसचं वीज केंद्र अकोल्यापासून ५० किलोमीटरच्या आत, आणि एवढ्या अंतरातल्या औष्णिक केंद्रांनी असंच पाणी वापरावं, असं केंद्र सरकारचं २०१६ चं वीजदर धोरण सांगतं. नागपूरचं सांडपाणी कोराडीत वापरलं जातंच. म्हणून मालमत्ता कर भरायला जाल, तेव्हा मनपाला एवढंच विचारा: काल प्रकल्पावर किती पाणी पोचलं, आणि बाहेर पडताना त्याचा बीओडी किती होता?