फिट नसताना फिटची गोळी

मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात एमएस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या चेतांवर उलटते. चेतातंतूंभोवती असलेले मायलिनचे आवरण ठिकठिकाणी झिजते. गेल्या तीस वर्षांत निघालेल्या औषधांनी असे नवे हल्ले बरेच रोखता येतात, पण होऊन गेलेली इजा मागे राहते आणि ती हालचालींमधून दिसते. हातापायांना अचानक पेटके येतात, पाय ताठरतात, वस्तू उचलताना हात थरथरतो, नजर स्थिर राहत नाही. यातल्या काही तक्रारींसाठी न्यूरोलॉजिस्ट अपस्मारावरचे औषध लिहून देतात. ही फिटची गोळी आहे असे केमिस्टकडे कळले, की घरातली माणसे हबकतात. रुग्णाला आता फिट येऊ लागतील का, अशी धास्ती पडते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फिटचा इथे काही संबंध नसतो. अपस्मारात मेंदूच्या पेशी अनावर पेटतात, त्यांना शांत करणारे रसायन आवरण गमावलेल्या चेतातंतूलाही शांत करू शकते, एवढाच दोहोंमधला दुवा आहे.

हा दुवा सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘टॉनिक स्पाझम’ या प्रकारात. बोटे एकमेकांना चिकटून आत ओढली जातात, मनगट आणि कोपर वाकते, त्याच बाजूचा पाय काठीसारखा ताठ होतो, वेदनेने माणूस कळवळतो आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळे ओसरते. नंतर हात पूर्ववत चालतो. कुशीवर वळणे, खुर्चीतून उठणे, जोरजोरात श्वास घेणे, नुसता स्पर्श होणे, एवढ्यानेही झटका सुरू होतो. दिवसात असे कित्येक झटके येतात. शुद्ध मात्र एकदाही हरपत नाही. ईईजी काढला तर त्यात अपस्माराची खूण सापडत नाही. ब्रिटिश न्यूरोलॉजिस्ट डब्ल्यू. बी. मॅथ्यूज यांनी १९५८ मध्ये या झटक्यांचे तपशीलवार वर्णन केले. काही रुग्णांत हातापायांऐवजी बोलणेच काही सेकंद लडबडते आणि तोल जातो, तेही दिवसातून अनेकदा. ही त्याच कुळातली तक्रार.

असे का होते? निरोगी तंतूत विद्युतसंदेश पुढे ढकलणाऱ्या सोडियम वाहिन्या मायलिनच्या दोन तुकड्यांमधल्या बारीक फटींत दाटीने असतात. मायलिन गेले, की उघड्या पडलेल्या भागावर त्या पसरतात. तिथे तंतू अतिसंवेदनशील होतो, कुणी न सांगता स्वतःच संदेश सोडू लागतो. शिवाय पाट फुटला की पाणी जसे शेजारच्या सरीत शिरते, तशी एका तंतूतली विद्युतलहर लगतच्या उघड्या तंतूंत शिरते. एका ठिणगीतून शेकडो तंतू एकदम चेतवले जातात आणि आख्खा हात आकडतो. स्वीडनच्या ऑस्टरमन आणि वेस्टरबर्ग यांनी १९७५ मध्ये या झटक्यांची उकल अशाच आडव्या प्रसारातून केली होती.

कार्बामाझेपिन हे औषध नेमके इथे बसते. १९५३ मध्ये बाझेलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी ते तयार केले. स्वीडनच्या ब्लोम यांनी १९६२ मध्ये चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जाशूळावर त्याचा गुण दाखवला. एमएसच्या झटक्यांवर ते वापरल्याचे एस्पिर आणि मिलॅक यांचे वृत्त १९७० मधले आहे. संदेश सोडून थकलेल्या सोडियम वाहिनीला हे औषध चिकटते आणि तिला लवकर पुन्हा उघडू देत नाही. त्यामुळे जो तंतू भराभर पेटतो आहे त्यालाच त्याचा लगाम जास्त बसतो. सावकाश काम करणारे तंतू बरेचसे मोकळे राहतात. म्हणूनच अपस्माराला लागते त्याहून बऱ्याच कमी मात्रेत हे झटके अनेकदा दोन-तीन दिवसांत थांबतात. न्यूरोलॉजीत इतका झटपट गुण क्वचित दिसतो. ज्या रुग्णाला झटक्याच्या भीतीने घास तोंडापर्यंत नेणे नकोसे झाले होते, तो आठवड्याभरात निर्धास्तपणे जेवू लागतो. आणखी एक दिलासा असा, की झटक्यांचा हा काळ बहुधा काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा असतो, त्यामुळे औषध कायमचे लागतेच असे नाही.

भारतात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. असेच वेदनादायी झटके न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या एमएससारख्या दिसणाऱ्या आजारात जास्त प्रमाणात येतात. कार्बामाझेपिनने तेही शमतात, पण मूळ आजाराचे उपचार वेगळे आहेत. एमएसची काही औषधे, उदाहरणार्थ बीटा इंटरफेरॉन, त्या आजारात अपाय करू शकतात. म्हणून झटके थांबले म्हणजे निदान पक्के झाले असे समजणे धोक्याचे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाच्या, २००४ मध्ये सापडलेल्या अँटिबॉडीची रक्तचाचणी इथे कामी येते.

पायांच्या ताठरपणाचे गणित वेगळे. तो क्षणिक नसतो. मेंदूकडून येणारा अंकुश सैल झाल्याने मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रिया मोकाट होतात. त्यावरचे पहिले औषध बॅक्लोफेन. अपस्मारावर उपाय म्हणून १९६२ मध्ये सीबा कंपनीत ते तयार झाले, तिथे निष्प्रभ ठरले आणि ताठरपणावर उपयोगी निघाले. बॅक्लोफेन पुरेना किंवा सोसेना, की गॅबापेंटिनचा विचार होतो. अमेरिकेत १९९३ मध्ये अपस्मारासाठी मान्यता मिळालेले हे औषध चेतापेशींच्या कॅल्शियम वाहिन्यांच्या एका घटकाला चिकटून संदेशवाहक रसायनांचा स्राव कमी करते. डोळे लंबकासारखे हलल्याने समोरचे जग डोलत असल्याचा भास होतो, त्यावरही ते उपयोगी पडते. यकृताऐवजी मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने इतर गोळ्यांशी त्याचे सहसा वाकडे येत नाही; मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र मात्रा घटवावी लागते.

कंपाच्या बाबतीत या औषधांची बाजू लंगडी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये एमएसचे वर्णन करतानाच वस्तूकडे हात नेताना वाढत जाणारी थरथर नोंदवली होती. तिचे मूळ अनुमस्तिष्काच्या जोडण्या तुटण्यात आहे. तिथे आवरण्याजोगा अतिरेक कमी आणि हरवलेले नियंत्रण जास्त असते. क्लोनाझेपाम, टोपिरामेट, प्रिमिडोन अशी औषधे वापरून पाहिली जातात. लेव्हेटिरासिटॅमने सुरुवातीला आशा दाखवली, पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, औषध आणि लुटुपुटीची गोळी यांची तुलना करणाऱ्या चाचणीत दोहोंत फरक आढळला नाही. जड मूठ असलेला चमचा, व्यवसायोपचार, निवडक रुग्णांत मेंदूतली शस्त्रक्रिया, यांवरच तिथे जास्त भिस्त राहते.

सोडियम वाहिन्या रोखण्याला दुसरी धारही आहे. अर्धवट झिजलेले तंतू जेमतेम संदेश पोचवत असतात. त्यांचाही प्रवाह औषधाने मंदावू शकतो. मग पाय अधिक अशक्त वाटतात, तोल जातो, ग्लानी येते, आणि आजार पुन्हा उसळला अशी गैरसमजूत होते. ‘रिलॅप्स’ समजून स्टिरॉइड सुरू करण्याआधी नुकतीच वाढवलेली गोळी तपासणे शहाणपणाचे.

कार्बामाझेपिनने रक्तातले सोडियम घटू शकते. एचएलए-बी*१५:०२ हे जनुकीय रूप असलेल्यांना त्याने त्वचा सोलवटणारी स्टीव्हन्स-जॉन्सन ही गंभीर प्रतिक्रिया येण्याचा धोका वाढतो; भारतीय रुग्णांतही हा संबंध आढळला आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. एमएस तरुण स्त्रियांत जास्त दिसतो, आणि हे औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते, हेही त्यांना आधी सांगितले पाहिजे. एरवी झटके थांबल्यावर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. बॅक्लोफेन आणि गॅबापेंटिनही मनाने एकदम बंद करायची नसतात. बॅक्लोफेन अचानक तोडले, तर आजवर कधीही न आलेली फिट खरोखर येऊ शकते.