तगरमुळी आणि निद्रा

महाराष्ट्रात तगर म्हटले की अंगणातील पांढऱ्या फुलांचे झुडूप डोळ्यांसमोर येते. निद्रेच्या संदर्भात जिचे नाव घेतले जाते ती तगर निराळी. ती हिमालयाच्या उतारांवर वाढते, आणि तिची वाळलेली मुळी तगरगंठोडा या नावाने विकली जाते. युरोपातील व्हॅलेरियन ही तिची सख्खी भगिनी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलन याने अनिद्रेवर व्हॅलेरियन सुचविली होती, असे सांगतात. मुळीचा दर्प उग्र असतो. माणूस नाक मुरडतो, मांजर मात्र तिच्याभोवती घोटाळते. मेंदूला शांत करील असे या मुळीत आहे तरी काय?

मज्जापेशी एकमेकींना चेतवितात, तशाच आवरतातही. आवरण्याचे कार्य मुख्यत्वे गॅमा-अमिनोब्युटिरिक अम्ल, म्हणजेच संक्षेपाने ‘गाबा’, हे द्रव्य करते. ते मेंदूत असल्याचे १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. मज्जापेशीच्या पटलात त्याच्यासाठी खास ग्राही प्रथिने असतात. अशा एका ग्राहीचे पाच घटक एका सूक्ष्म मार्गाभोवती कडे करून बसलेले असतात. गाबाचे रेणू ठरलेल्या जागी चिकटले की मार्ग उघडतो, क्लोराइडचे ऋणभारित आयन आत शिरतात आणि ती पेशी सहजासहजी चेतत नाही. झोपेच्या अनेक प्रचलित गोळ्यांचे कार्यही याच ग्राहीवर चालते.

व्हॅलेरियनच्या अर्काचा परिणाम परीक्षानळीत या ग्राहींवर दिसला, तेव्हा कोडे सुटले असे वाटणे स्वाभाविक होते. पण त्यात एक मेख होती. मुळीच्या जलीय अर्कात गाबा स्वतःच हजर असतो! परीक्षानळीत तो ग्राहीला चिकटणारच. परंतु पोटात घेतलेला गाबा रक्तातून मेंदूत फारसा पोहोचत नाही. तेव्हा खरा कर्ता दुसराच असला पाहिजे.

तो बहुधा व्हॅलेरेनिक अम्ल होय. व्हिएन्ना येथील संशोधकांनी बेडकाच्या अंडपेशींत हे ग्राही निर्माण करवून त्याची परीक्षा केली, आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे अम्ल गाबाचा परिणाम वाढविते. तेही ग्राहीत बीटा-२ किंवा बीटा-३ हा घटक असेल तरच. मात्रा फार वाढविली, तर तेच अम्ल मार्ग अडविते. २००९ मध्ये याहून नेमका पुरावा पुढे आला. काही उंदरांच्या बीटा-३ घटकातील २६५व्या स्थानचे एकच अमिनो अम्ल बदललेले होते. त्यांच्यात व्हॅलेरेनिक अम्लाचा भीती शमविणारा गुण दिसेना. मात्र भीती ओसरणे आणि झोप लागणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

माणसांवरील प्रयोगांचे फलित तर परस्परविरोधी आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शिकेत प्रौढांच्या दीर्घकालीन अनिद्रेवर व्हॅलेरियन न वापरण्याचा सल्ला दिला, जरी त्यामागील पुरावा दुबळाच होता. झोपेच्या गोळ्या किंवा मद्य यांच्या जोडीने ही मुळी घेतल्यास गुंगी वाढण्याचा धोका संभवतो. शिवाय वनस्पतीची जात, खोदणीचा हंगाम, वाळविण्याची रीत यांप्रमाणे मुळीतील द्रव्यांचे प्रमाण पालटते. त्यामुळे दोन प्रयोगांत नाव एकच असले, तरी रुग्णांच्या पोटात गेलेला अर्क एकच असतो असे नाही.