झाकण काढल्यावर

एस्प्रेसोचं घरगुती यंत्र घेताना आपण समोरून बघतो. बटणं किती, स्क्रीन आहे का, फोनवरून सुरू होतं का. माझा आग्रह असा, की जमलं तर वरचं झाकणही काढून बघावं. कप ठेवायच्या पत्र्याचे चार स्क्रू काढले की पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या वाट्याला काय येणार ते बरंचसं कळतं.

माझं यंत्र जुन्या धाटणीचं, इटालियन. आत पितळी बॉयलर, त्याच्या अंगाला घट्ट बसवलेले थर्मोस्टॅट, टाकीखाली रबरावर टेकलेला पंप, उरलेला दाब सोडून देणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि मोजक्या वायरी. हीटर तापेनासा झाला तेव्हा मी ते आमच्याकडचे गिझर दुरुस्त करणाऱ्या काकांसमोर उघडं ठेवलं. असलं यंत्र त्यांनी आधी पाहिलं नव्हतं, पण त्यामुळे काही अडलं नाही. मल्टिमीटरची टोकं त्यांनी हीटरला लावली. आकडा पन्नासच्या थोडा वर. २३० व्होल्टवर हजार वॅटच्या हीटरचा रोध साधारण ५३ ओहम यायला हवा. गिझर असो, इस्त्री असो, हिशोब तोच. म्हणजे हीटर शाबूत. मग एकेक थर्मोस्टॅट. गार असताना त्यातून वीज जायला हवी, मीटर वाजायला हवा. एकाला मीटर वाजला नाही. “हा गेलाय, बाकी सगळं चांगलं आहे,” काका म्हणाले. तेवढाच बदलला.

या साधेपणाची किंमत मात्र कपात मोजावी लागते. असा थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची चकती. तापली की उलटी वाकते आणि वीज तोडते, निवली की पुन्हा जोडते. तेवढ्यात बॉयलरचं तापमान दहा अंशांहून जास्त खालीवर होऊ शकतं. एस्प्रेसोला पाणी साधारण ९० ते ९६ अंशांचं लागतं. कमी पडलं तर कॉफी आंबट उतरते, जास्त झालं तर कडवट. म्हणून अशा यंत्रांचे मालक हीटरचा दिवा विझला की मनात सेकंद मोजतात, थोडं पाणी सोडून देतात, मग हँडल लावतात. मीही बरीच वर्षं तसंच केलं. रोज तीच चव हाती लागत नाही.

पीआयडी कंट्रोलर इथेच कामाला येतो. बॉयलरला लावलेला सेन्सर सतत तापमान सांगतो. हवं ते तापमान किती लांब आहे आणि किती वेगानं जवळ येतंय, हे बघून कंट्रोलर हीटरला थोडीथोडी वीज देतो. फरक पहिल्याच आठवड्यात जिभेला कळतो. इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांशी माझं इथे पटत नाही. शिवाय सुटा पीआयडी ही कॉफीवाल्यांची खास वस्तू नाही. कारखान्यातल्या भट्ट्यांना लागतो तोच हा ४८ मिलिमीटरचा चौकोनी डबा, लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत मिळतो. बिघडला तर काढून दुसरा लावायचा. तोवर जुन्या थर्मोस्टॅटवर कॉफी होतेच.

घोर लागतो तो वेगळ्या घडणीचा. एकाच बोर्डावर तापमान, पंप, वेळ, पाण्याचं माप, स्क्रीन सगळं. एका नातेवाइकांचं असं यंत्र मी उघडलं होतं. पंप चालू, हीटर चालू, बॉयलर आतून स्वच्छ, आणि बोर्ड गेलेला. बोर्ड आता येत नाही, असं उत्तर मिळालं. इतकं धडधाकट यंत्र भंगारात देताना वाईट वाटलं.

बोर्ड जातो त्यामागे बहुतेकदा उष्णता असते. त्यावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं. त्यामुळे बोर्ड बॉयलरच्या डोक्यावर बसवलाय की खाली, पत्र्याच्या आडोशाला, हे मी आधी पाहतो. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची दमट हवा आणि विजेचे चढउतार यांची भर. अमेरिकेहून कुणी यंत्र आणत असेल तर आणखी एक गोष्ट. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. घरगुती यंत्रातला साधा पंप विजेच्या प्रत्येक आवर्तनाला एक ठोका देतो, म्हणून इथे तो सेकंदाला साठऐवजी पन्नासच ठोके देणार, आणि तापणारही जास्त.

सुटे भाग सर्वांत सहज मिळण्याचं उदाहरण म्हणजे फाएमा कंपनीचा ई६१ ग्रुप, म्हणजे हँडल जिथे अडकवतात तो भाग. एर्नेस्तो व्हालेंते यांनी १९६१ साली तो बाजारात आणला. नावातला ‘ई’ त्या वर्षीच्या सूर्यग्रहणाचा. हा जाडजूड पितळी ग्रुप आज कितीतरी कंपन्यांच्या घरगुती यंत्रांवर बसतो. त्यामुळे त्याचं गॅस्केट, स्प्रिंग, कॅम यासाठी एकाच कंपनीच्या दयेवर राहावं लागत नाही. ५८ मिलिमीटरच्या हँडलचंही तसंच. गॅस्केट कडक झालं, हँडलच्या कडेनं पाणी झिरपू लागलं, की जुनं उचकटून नवं बसवायचं. हे काम घरी होतं.

पण तो ग्रुप नीट तापायला अर्धा तास लागतो. माझी मावसबहीण डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडते. तिला हा अर्धा तास कुठून आणायचा? तिच्यासाठी मिनिटाच्या आत तापणारं, बटण दाबलं की ठरल्या मापाची कॉफी देणारं यंत्रच योग्य, असं मी तिला मनापासून सांगितलं. मात्र अशा यंत्रात पाणी तापतं ते अरुंद वाटांतून, आणि टँकरच्या जड पाण्याचा क्षार तिथे लवकर बसतो. म्हणून गाळलेलं पाणी वापर आणि थर काढण्याची सूचना आली की टाळू नकोस, हेही बजावलं. दुकानात विचारायला तिला तीन प्रश्न लिहून दिले. बोर्ड सुटा मिळतो का आणि कितीला? मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं मिळेल? स्क्रीन गेली तर नुसत्या बटणावर कॉफी होते का? पहिल्या दुकानदाराला तिन्हींची उत्तरं देता आली नाहीत. ती आता दुसऱ्याकडे विचारते आहे.