एक्स-रे खोलीतला दुसरा डोळा

‘सरळ उभे राहा, हनुवटी वर करा, श्वास घ्या… धरून ठेवा.’ एक्स-रे खोलीतली ही सूचना अनेकांना पाठ असते. तरीही कधी रुग्णाला पुन्हा आत बोलावतात. खांदा तिरका राहिलेला असतो, नाहीतर फुप्फुसाचा कोपरा फोटोबाहेर गेलेला असतो. दुसरा फोटो म्हणजे दुसऱ्यांदा किरणे.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्यात या चुकीची किंमत जास्त आहे. अकोले तालुक्यातून जिल्ह्याच्या गावी यायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास. ‘फोटो नीट आला नाही, परत या’ म्हटले की मजुराचा आणखी एका दिवसाचा रोज बुडतो.

यावर उपाय म्हणून काही नव्या यंत्रांत कॅमेरा बसवलेला असतो. तो रुग्णाच्या शरीराची रूपरेषा व अंतर टिपतो. हवा तो भाग किरणांच्या चौकटीत येतो का, हे संगणक फोटो काढण्यापूर्वीच दाखवतो. चौकट गरजेपुरती लहान ठेवली की शेजारच्या अवयवांवर किरणे कमी पडतात.

दुसरा फायदा डोसचा. शरीराची जाडी चार-पाच सेंटिमीटरने वाढली, की साधारण दुप्पट किरणे लागतात. म्हणूनच धिप्पाड माणसाचा डोस लहान मुलाला देणे चूक. जुन्या फिल्मवर किरणे जास्त झाली की फोटो काळा पडायचा आणि चूक लगेच कळायची. डिजिटल यंत्र मात्र चित्र सुधारून घेते. फोटो सुरेख दिसतो आणि जादा डोस लपून राहतो. कॅमेऱ्याने जाडीचा अंदाज आधीच दिला, तर हे टाळता येते.

सीटी स्कॅनमध्ये रुग्ण यंत्राच्या मध्यबिंदूवर असणे फार महत्त्वाचे. टेबल वर-खाली राहिले, तर यंत्राला शरीर आहे त्यापेक्षा मोठे किंवा लहान वाटते आणि डोसचा हिशेब चुकतो. छताला लावलेला कॅमेरा टेबलाची योग्य उंची सुचवतो.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. छातीच्या एका एक्स-रेतून साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी किरणे मिळतात. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीच्या सीटीत हा आकडा ५ ते ७ च्या घरात जातो. म्हणून ‘एकदा सीटी करूनच टाका’ हा हट्ट बरा नव्हे.

कॅमेऱ्यालाही मर्यादा आहेत. जाड शाल किंवा घोंगडी पांघरलेली असेल, तर त्याचा अंदाज चुकतो. छातीत पाणी झाले आहे का, हेही त्याला बाहेरून दिसत नाही. वाकलेल्या पाठीच्या आजोबांना आधार देऊन उभे करायला अनुभवी टेक्निशियनच लागतो.

आणि ज्या केंद्रात असे यंत्र नाही, तिथेही बरेच काही रुग्णाच्या हाती आहे. मंगळसूत्र, ताईत, साखळी आधी काढावी. गरोदर असल्यास किंवा तशी शंका असल्यास फोटोपूर्वीच सांगावे. मूल असेल तर त्याचे वय व वजन सांगावे. सांगितल्याबरोबर श्वास रोखावा. जुने फोटो जपून ठेवावेत आणि प्रत्येक वेळी सोबत आणावेत. जुना फोटो पाहून भागले, तर नवा काढावाच लागत नाही. आणि न काढलेल्या फोटोचा डोस शून्य असतो.