पात्याची सपाट बाजू

आमच्या मडगावच्या घरमालकीण आंटी खिमा विकत आणत नाहीत. मार्केटात मशीन असतं, पण आपल्याआधी त्यातून काय गेलं आणि आत काय चिकटून राहिलं, याचा भरवसा कोणी द्यायचा? त्या अख्खा तुकडा घेतात. गोव्यात गायीच्या कत्तलीला १९७८च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे बीफ म्हणजे बैलाचं नाहीतर म्हशीचं. मागच्या मांडीचा, जवळजवळ बिनचरबीचा एक किलो. अंडरकट याहून मऊ असतो, पण त्याचा खिमा करणं म्हणजे पैठणीचं फडकं करणं.

बिनचरबीचाच का, हे मला पोटॅटो चॉप फुटल्यावर कळलं. गेल्या वर्षी घाईत मी तयार खिमा आणला. सारणाला तेल सुटलं, बटाट्याची पारी ओली झाली आणि चॉप तव्यावर उकलले. आंटी काही बोलल्या नाहीत. या वेळी त्यांनी सुरी माझ्या हातात दिली.

खरं काम सुरीचंच. मांसावर चंदेरी, चिवट पापुद्रा असतो. तो शिजत नाही, दळला जात नाही, नुसता पात्याभोवती गुंडाळतो. त्याच्याखाली सुरीचं टोक सारायचं, एका हाताने पापुद्रा ताणून धरायचा आणि धार किंचित वर ठेवून सरकवत न्यायची. मी पहिल्यांदा धार खाली धरली आणि पापुद्र्याबरोबर मांसही गेलं. मग बोटाएवढ्या पट्ट्या कापून, थाळ्यात सुट्या पसरून अर्धा तास फ्रीजरमध्ये. गोठवायच्या नाहीत, बाहेरून कडक व्हायला हव्यात. गरम मांस कापलं जात नाही, चेंगरतं.

मशीन बिडाचं, कल्हई केलेलं, आंटींच्या सासूबाईंचं. टेबलाच्या कडेला खालून स्क्रू आवळून बसवायचं. आत मळसूत्र, त्याच्या टोकाला चार पाकळ्यांचं पातं, त्यावर भोकांची जाळी, वरून आवळायची कडी. मी सगळं बसवलं, हँडल फिरवलं आणि जाळीतून गुलाबी लगदा पाझरू लागला. फिरवायला दुप्पट जोर लागत होता.

"सवकास रे पुता," म्हणत आंटींनी कडी सोडवली. पातं उलटं होतं. त्याची सपाट बाजू जाळीला घासली पाहिजे. तिथेच तर मांस कात्रीसारखं कापलं जातं. पातं फिरवून बसवल्यावर आवाजच बदलला. जाळीतून सुटे, मोकळे दोरे पडू लागले. एका हाताने पट्ट्या सोडायच्या, दुसऱ्याने हँडल, ढकलायला लाकडी दांडा. बोट नाही, घाई असली तरी नाही. शेवटी पावाचा एक तुकडा घालायचा. तो आत अडकलेलं मांस पुढे ढकलतो आणि जाळीतून पांढरा पाव दिसू लागला की काम झालं.

अख्ख्या तुकड्यावर जंतू असलेच तर बहुधा वरवर असतात. दळल्यावर ते आतबाहेर मिसळतात. १९९३मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलायची मोठी साथ पसरली होती, मुलं दगावली. तिथलं कृषी खातं खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवायला सांगतं. आंटींकडे थर्मामीटर नाही. कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची आणि माडाच्या ताडीचं व्हिनेगर घालून त्या खिमा पाणी पूर्ण आटून कढईत चरचरेपर्यंत परततात. तोवर ७१ कधीच मागे पडलेले असतात.

मशीन लगेच धुवायचं, उन्हात वाळवायचं, पात्याला तेलाचं बोट लावायचं. मी ते करत असताना आंटींनी खिमा वजनकाट्यावर ठेवला. ८२० ग्रॅम. मांजरांसाठी वाटीत काढलेले पापुद्रे त्यांनी एकेक करून उजेडात धरले आणि त्यांना चिकटलेलं लाल मांस नखाने ओरबाडून पाहिलं.

"मांजरांचा नाताळ झाला," त्या म्हणाल्या.